शून्य ड्रॉप

चावी ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेली होती, मास्टर स्विच बंद होता, आणि तरीही प्रोपेलर फिरला. पूर्ण वेढा नाही, पाव वेढाच. पण 180 अश्वशक्तीच्या इंजिनाला समोरच्या माणसाचं मनगट मोडायला तेवढाही पुरतो.

समोर मामा होते. आमच्या फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये हेल्पर म्हणून त्यांचे केस पांढरे झालेत. सेस्ना 172 नुकतीच उतरली होती, टो-बार, म्हणजे विमान ओढायचा दांडा, लावण्यासाठी पातं आडवं करायचं होतं. मामा पात्याला बोटांनी वेढा घालून कधीच धरत नाहीत. तळवा सपाट ठेवून ढकलतात, आणि ढकलताच एक पाऊल बाजूला होतात. ही सवय त्यांना कुणा जुन्या मेकॅनिकने लावली आहे. त्या दिवशी टक् असा आवाज आला, पातं झटक्यात पुढे गेलं आणि मामांच्या हाताला नुसता वारा लागला. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाले, ‘‘मॅडम, चावी तर हापिसात आहे. मग पंखा ढकलला कुणी?’’

मी विमानाभोवती दोरी लावली आणि त्या दिवसाची त्याची सगळी उड्डाणं रद्द केली. चीफ इन्स्ट्रक्टरना ते आवडलं नाही. कमर्शियल लायसन्ससाठी विद्यार्थ्याचे 200 तास भरावे लागतात आणि रांग लांब असते. पण विमान उडण्यालायक आहे अशी सही मी करते, आणि त्या रांगेचं ओझं त्या सहीवर टाकू नये, एवढं तरी इतक्या वर्षांत आमच्याकडे कळायला हवं होतं.

बाहेरच्यांना हे भुताटकीसारखं वाटेल, म्हणून थोडं सांगते. मोटारीत इग्निशनची वायर तुटली की गाडी बंद पडते. विमानाच्या पिस्टन इंजिनात उलट आहे. त्यावर दोन मॅग्नेटो असतात. प्रत्येकाचं स्वतःचं चुंबक, स्वतःची कॉइल. बॅटरीशी संबंध नाही. इंजिन फिरतंय तोवर ठिणगी पडत राहते. ती थांबवायची तर मॅग्नेटोची प्रायमरी कॉइल ग्राउंडला जोडावी लागते, आणि ते काम करणारी एकच वायर असते, पी-लीड. ती मॅग्नेटोपासून निघून इंजिन आणि कॉकपिटमधल्या फायरवॉलमधून चावीच्या स्विचपर्यंत जाते. चावी ऑफ केली की स्विच तिला ग्राउंड करतो. म्हणजे ही वायर तुटली तर इंजिन चालूच राहणार. हवेत असताना हाच विचार बरोबर आहे, एका वायरीपायी इंजिन बंद पडता कामा नये. जमिनीवर मात्र तोच मॅग्नेटो जिवंत राहतो आणि चावी ऑफ दाखवत असते. त्याला आम्ही हॉट मॅग म्हणतो.

आणि ते सहजी लक्षातही येत नाही. कारण आम्ही इंजिन चावीने बंद करतच नाही. मिक्श्चर मागे ओढून इंधन तोडतो, इंजिन थांबतं, मग चावी फिरवून काढतो. डावा मॅग्नेटो जिवंत असला तरी पायलटला काहीच वेगळं दिसत नाही. त्यात डाव्या मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग असतं. स्टार्टरच्या मंद फेऱ्यांत ठिणगी पडावी म्हणून ते स्प्रिंग ताणून एकदम सोडतं. मामांनी ऐकलेला टक् त्याचाच. हाताने हळू फिरवलेल्या पात्यालाही ते ठिणगी देतं, आणि नुकत्याच उतरलेल्या गरम इंजिनाच्या सिलिंडरमध्ये थोडी वाफ उरलेली असते.

संशय पी-लीडवर होता, पण हात लावायची रीत महत्त्वाची. पी-लीड मॅग्नेटोवरून सोडली की धडधाकट मॅग्नेटोही हॉट होतो. म्हणून काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उतरवल्यावर आधी स्पार्क प्लगच्या सगळ्या लीड काढून बांधून ठेवल्या. मग डाव्या मॅग्नेटोवरचा नट सोडला, पी-लीडचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा, बाहेर घेतला आणि मीटर लावला. मॅग्नेटोला जोडलेल्या वायरीवर मीटर लावून उपयोग नाही. आत कॉइल आणि पॉइंट्स असतात, त्यांतूनच ग्राउंड मिळतो आणि सगळं ठीक वाटतं. ही साधी गोष्ट न कळल्यामुळे किती लोक तासन् तास स्विच बदलत बसतात!

चावी ऑफ, मीटरचं एक टोक लगला, दुसरं इंजिनाच्या केसला. रीडिंग शून्याजवळ. म्हणजे वायर चांगली! माझा मदतनीस म्हणाला, ‘‘मॅडम, मग स्विचच असेल.’’ मी लग दोन बोटांत धरून वायर जराशी वाकवली. रीडिंग गेलं. सरळ केली, आलं. परत वाकवली, गेलं.

वायर बाहेरून अखंड, लगवरचं लाल नायलॉनचं आवरण अखंड, आणि आत तांबं तुटलेलं.

लग कापून आवरण उभं चिरलं तेव्हा जे दिसलं त्याचा राग अजून गेलेला नाही. वायर 18 गेजची, शील्डेड, म्हणजे वर धातूच्या जाळीचं वेष्टन, आत 19 बारीक तारा. त्या सगळ्या बॅरलच्या, म्हणजे तारा जिच्यात दाबतात त्या लगच्या नळीच्या, कडेला तुटलेल्या होत्या, टोकं एकमेकींना नुसती टेकलेली. काही तारांवर पात्याची तिरकी खूण होती. म्हणजे इन्सुलेशन ब्लेडने सोललेलं. आणि बॅरलवर एकच खोल खड्डा. रस्त्याकडेच्या गाडी-इलेक्ट्रिशियनकडे मिळणाऱ्या लग दाबायच्या साध्या क्रिंपिंग पकडीचा खड्डा मी अंधारातही ओळखेन.

लग मात्र खरा विमानाचाच होता. हेच जास्त लागतं. तो महागडा लग दोन ठिकाणी दाबायचा असतो. एक दाब तांब्यावर, तो वीज वाहण्यासाठी. दुसरा दाब मागे, इन्सुलेशनवर. वीज त्यातून वाहत नाही, पण वायरीचा हिसका तांब्यापर्यंत पोचू न देण्याचं काम त्याचं. 2700 आरपीएमला चार सिलिंडरचं हे इंजिन सेकंदाला 90 धक्के देतं. मागचा दाबच नसेल तर प्रत्येक धक्क्याला वायर नेमकी बॅरलच्या कडेवर वाकते, जिथे तारांवर आधीच ओरखडे आहेत. शिवाय वायर सांभाळणारा रबरी क्लॅम्पही जागेवर नव्हता. म्हणजे लगच्या मागे हातभर वायर मोकळी झुलत होती.

नवा लग मीच लावला, मदतनिसाला शेजारी उभं करून, कारण हे पुस्तक वाचून येत नाही. जुनी टोकं कापून स्वच्छ तांब्यापर्यंत मागे गेलो. सोलायला त्या गेजच्याच खाचेचा स्ट्रिपर. सोलल्यावर भिंगातून पाहायचं. 19 तारांच्या या वायरीत एक-दोन तारांवर ओरखडा माफ असतो, तुटलेली एकही तार माफ नाही. तारांना मूळचा पीळ असतो तो तसाच ठेवायचा, बोटांनी जास्त पिळायचं नाही. काहीजण क्रिंप ‘पक्कं’ व्हावं म्हणून वर डाग देतात, म्हणजे सोल्डर. ते तर मुळीच नको. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि ताठ भाग संपतो तिथेच कंपनाने वायर तुटते.

तारांचं टोक बॅरलच्या पुढे किंचित डोकावलं पाहिजे, इन्सुलेशन मागच्या भागात शिरलं पाहिजे. मग रॅचेटचं क्रिंपर. त्याची खुबी ही की पूर्ण दाबल्याशिवाय ते उघडतच नाही. हात थकला, घाई झाली, कुणी हाक मारली, तरी अर्धवट दाबलेला लग ते सोडत नाही. त्याचा डाय, म्हणजे दाबणारा साचा, आवरणावर ठिपका उमटवतो, म्हणजे पुढच्या माणसाला योग्य डाय वापरल्याचं दिसतं. खऱ्या कामाआधी त्याच वायरीच्या तुकड्यावर एक नमुना दाबला आणि ताणकाट्याला लावला. 18 गेजच्या क्रिंपने 38 पौंड, म्हणजे सुमारे 17 किलो, ओढ सहन करायला हवी. नमुना टिकला. कापून काढलेला जुना लग मी नुसत्या हाताने ओढला तर तारांसकट निघून आला.

शील्डचं टोक नव्याने बांधलं, क्लॅम्प लावला, वायरीला थोडी ढील ठेवली. मीटरवर चावी ऑफ असताना ग्राउंड, बोथवर, म्हणजे दोन्ही मॅग्नेटो चालू असताना, ओपन, आणि वायर कशीही वाकवली तरी रीडिंग हललं नाही. स्पार्क प्लगच्या लीड परत बसवल्या आणि रन-अप घेतला, म्हणजे विमान जमिनीवर उभं ठेवून इंजिन चालवून पाहिलं. 1800 आरपीएमला दोन्ही बाजूंना नीट ड्रॉप आला, म्हणजे एकेकाच मॅग्नेटोवर चालवल्यावर आरपीएम थोडे उतरले. मग आयडलवर आणून चावी क्षणभर ऑफ केली, इंजिन गप्प व्हायला लागलं, लगेच बोथवर आणली. इथपर्यंत काम संपलं होतं.

डोक्यातून जात नाही ते पुढचं. मी त्या विमानावर उडणाऱ्या मुलांना विचारलं, गेल्या काही दिवसांत मॅग चेकला काय दिसलं? एक मुलगी लगेच म्हणाली, ‘‘मॅडम, राइटवर कधीकधी ड्रॉपच यायचा नाही. एकदम शून्य. लेफ्टवर 90च्या आसपास.’’ दुसऱ्यानेही तेच सांगितलं. लिहिलं का नाही? ‘‘लिमिट 150 आहे ना मॅडम. शून्य म्हणजे तर उत्तमच.’’

चावी राइटवर नेली की डावा मॅग्नेटो ग्राउंड व्हायला हवा, आणि एकाच मॅग्नेटोवर इंजिन थोडं मंदावायलाच हवं. मंदावलं नाही याचा अर्थ डावा बंदच झाला नाही. शून्य ही सगळ्यांत वाईट बातमी होती, आणि ती चांगली समजून मुलं टेकऑफ करत होती. चेकलिस्टमध्ये दुसरी मर्यादाही आहे, दोन्ही बाजूंतला फरक 50 च्या आत हवा. शून्य आणि 90 तिथेच अडकायला हवे होते. मुलांना ती ओळ तोंडपाठ होती. ती का आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मुलांवर माझा रोष नाही. शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसलेला असतो, त्याच्यावर आहे. त्याच्याही डोळ्यांसमोर सुई हललेली नसते. आकडा मर्यादेत आहे की नाही एवढंच पाहायला शिकवलं की असं होतं, आणि आमच्याकडे तेवढंच शिकवतात. तास भरायचे असतात ना.

आता दोन्ही बाजूंचे ड्रॉप लॉगमध्ये आकड्यांनी लिहायचे ठरवून घेतलंय, आणि बंद करण्याआधी ऑफ चेकही. चीफ इन्स्ट्रक्टर कबूल झाले, पण ‘एवढं लिहीत बसलं तर सॉर्टी, म्हणजे उड्डाणं, कमी होतील’ हेही ऐकवलं.

तो लग बसवला होता बाहेरच्या एका वर्कशॉपने, मॅग्नेटोची 500 तासांची तपासणी करताना. त्यांच्या वर्कशीटवर पी-लीड जोडली, तपासली अशी ओळ आहे, खाली सही आहे. लग बदलल्याचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून टूलचाही नाही. मी फोटो पाठवले. उत्तर आलं की लग आधीपासूनच तसा असावा. पण त्यापूर्वीच्या आमच्या नोंदीतल्या फोटोत त्याच जागी वेगळ्या आकाराचा लग दिसतो. तो फोटोही पाठवला आणि एकच प्रश्न विचारला: तुमच्या टूल रजिस्टरमध्ये त्या तारखेला कोणता क्रिंपर निघाला होता, आणि त्याचं कॅलिब्रेशन कधीचं? त्यावर अजून उत्तर नाही. तोवर त्यांच्याकडून आलेला प्रत्येक मॅग्नेटो बसवताना पी-लीडचा लग आम्ही कापून टाकतो आणि नवा लावतो. कालच एक कापला. त्याच्यावरही एकच खड्डा होता.