व्हिसेऱ्याच्या बरणीतले मीठ

दारव्हा तालुक्यातील आमच्या घरी कपाशीवर फवारायचे औषध ज्वारीच्या पोत्यांपासून दोन हातांवर ठेवलेले असे. त्याचा लसणासारखा उग्र वास मला नागपूरला न्यायसहायक रसायनशास्त्र शिकताना पुन्हा ओळखीचा झाला. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज या विकराचे काम थांबवतात, त्यामुळे डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि तोंडाला फेस येतो. मात्र ते विष चुकून पोटात गेले, स्वतः घेतले की कोणी पाजले, हे केवळ रसायनशास्त्र सांगू शकत नाही, आणि ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते.

शवविच्छेदनात काढलेले जठर, यकृत व मूत्रपिंडाचे भाग, म्हणजेच व्हिसेरा, बहुधा साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. त्याच द्रावणाचा कोरा नमुनाही सोबत पाठवतात, म्हणजे विष द्रावणातूनच आले असा आक्षेप उरत नाही. पुढे सिलिकाचा थर दिलेल्या काचपट्टीवर अर्काचा थेंब ठेवला, की द्रावक हळूहळू वर चढतो आणि विषाचा ठिपका प्रमाणित नमुन्याच्या ठिपक्याशेजारी, त्याच उंचीवर उमटतो. तेवढ्याने भागत नाही. खात्रीसाठी दुसरी, स्वतंत्र पद्धत लागतेच.

यंदा दिवाळीला घरी गेले, तेव्हा बाबांनी औषधाच्या बाटल्या गोठ्यालगतच्या पेटीत कुलूपबंद केलेल्या होत्या.