दुभत्याचं कपाट: पाय बसले, दारं दिवाळीनंतर

दूध-दही ठेवायचं कपाट, जुनं, सागवानी. रुंदी ९०, खोली ४५, उंची १६५ सेंमी. वर जाळीची दोन दारं, मध्ये दोन खण, खाली फळीची दारं. पाय ४५ मिमी चौरस.

मे, पहिला आठवडा

रिकामं करून आडवं पाडलं आणि आधी पाय पाहिले. विकत घेतानाही हाच क्रम ठेवावा. पितळी मुठींवर भाळून सौदा होतो आणि घरी आणल्यावर पाय भुसभुशीत निघतात. तपासायला टोच्या पुरतो: धडधाकट सागात तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाऊन अडतो. इथे तीन पायांत तळापासून ५ सेंमीपर्यंत लोण्यात जावा तसा गेला. चौथा पाय ठणठणीत. त्याच्याखालची पाण्याची वाटी बहुधा केव्हाच फुटून गेली असणार.

कारण ती वाटीच. मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाण्यात उभा करतात आणि पायाच्या तळाशी उघड्या असलेल्या लाकडाच्या बारीक नळ्या ते पाणी वर ओढत राहतात. वर्षानुवर्षं ओलं राहिल्यावर सागही कुजतो.

कडेच्या पांढरट लाकडात भुंग्याची बारीक भोकं होती. खाली काळा कागद पसरून दोन रात्री ठेवला. पीठ पडलं नाही, म्हणजे दुखणं जुनं. पडलं असतं तर आधी कीडनाशक, मग बाकी सगळं.

मे, दुसरा-तिसरा आठवडा

पाय नुसते आखूड करायचा मोह होतो. नको. खालचा कप्पा जमिनीला टेकायला येतो आणि झाडू आत जात नाही. त्यापेक्षा जोड द्यावा. तिन्ही पाय कुजक्या भागाच्या वर धड लाकूड लागेपर्यंत कापले, १० सेंमी लांबीचा अर्धा-अर्धा सांधा घेतला, म्हणजे दोन्ही तुकडे निम्म्या जाडीचे कापून एकमेकांवर बसवले. जोडाला जुन्या चौकटीचा साग, रेषा उभ्या. नवा ओलसर साग लावला तर तो वाळताना आकसतो आणि सांधा उघडतो.

सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे सरस असो वा फेव्हिकॉल, पकड सैल राहते. दोन्ही तोंडं अ‍ॅसिटोनने पुसली आणि ती सुकल्याबरोबर, पाव तासाच्या आत, एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं चिकटद्रव्य) लावलं. प्रत्येक सांध्यात ८ मिमीच्या दोन लाकडी खुंट्या. क्लॅम्प बेताने आवळावा; करकचून आवळला तर एपॉक्सी सगळं बाहेर येतं आणि आत कोरडा सांधा उरतो. २४ तास हात लावला नाही. शेवटी चारही पायांच्या तळांना पातळ एपॉक्सीचे दोन हात. कामाची गोष्ट ही, बाकी सुतारकाम.

वाटीची रचनाही बदलली. १२ सेंमी व्यासाच्या स्टीलच्या वाटीत ग्रॅनाइटचा ४ सेंमी उंच तुकडा, त्यावर पाय, भोवती अडीच सेंमी पाणी. पाय कोरडा, खंदक ओला. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले की मुंगी तरंगत नाही, बुडते. दर तीन दिवसांनी पाणी बदलायचं आणि वाटी आतून घासायची, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

एवढं करूनही मुंग्या आल्या तर पूल शोधावा: भिंतीला टेकलेला कोपरा, लोंबणारं फडकं, पाण्यावर साचलेली धुळीची साय. भिंतीपासून ५ सेंमी अंतर ठेवलंय. स्वयंपाकघराची फरशी मोरीकडे उतरती असते, म्हणून पाय न तासता ग्रॅनाइटखाली पत्र्याची चकती सारून कपाट ओळंब्यात आणलं.

मे अखेर

गंजकी जाळी काढली. नवी स्टेनलेस ३०४, इंचाला १६ घरं. माशी अडते, बारकी मुंगी यातूनही जाते, म्हणून वाट्या हव्यातच. जाळीच्या पट्ट्यांना पितळी स्क्रू. पितळ सागात सरळ पिळलं की डोकं तुटतं. आधी भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढावा, मग पितळी. लोखंडी तसाच ठेवला तर दमट हवेत भोवती काळा डाग धरतो.

चौकटीचे दोन सांधे सैल होते. जुना सरस कोमट पाण्याने मऊ करून पटाशीने पूर्ण खरवडला. त्यावरच फेव्हिकॉल ओतला तर वर्षभरात पुन्हा खडखडाट. आवळताना दोन्ही कर्ण मोजले: फरक २ मिमीच्या आत.

जून

मेणचट थर भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने गेला. कपड्याचा सोडा वापरू नये, लाकूड काळवंडतं. मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा दोन मिनिटं ठेवला, थर चिकट झाला; म्हणजे जुनं लाखेचं पॉलिश. (ऑइलपेंट असता तर सुका घासला नसता, जुन्या रंगांत शिसं असायचं, म्हणून रिमूव्हरच.) पावसाळी हवेत लाखेचं पॉलिश मारलं की पांढुरकं पडतं, त्यामुळे ते थांबवलं. सध्या आतल्या फळ्यांना जवसाच्या तेलाचा पातळ हात, अर्ध्या तासाने पुसून. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नये: वाळत नाही, चिकट होतं, खवट वास येतो. जवसाची फडकी चुरगळून फेकू नयेत, आपोआप पेटू शकतात; पाण्यात बुडवून मग टाकावीत.

जुलै

खालचं उजवं दार अडकतंय. मेमध्ये फट २ मिमी होती, आता शून्य. रंधा उचललेला नाही: आत्ता तासलं तर डिसेंबरात त्याच जागी फट दिसेल. कडेला मेणबत्ती घासून काम चाललंय. पॉलिश आणि दारं दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.