रेंज आली, पण फोन कोणाच्या खिशात आहे?

"आता तर गावोगाव नेट आहे" असं कोणी म्हटलं ना, की मला वाटतं या माणसाला आधी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या वर डोंगरात न्यावं आणि मग खाली सपाटीला, शहाद्याला माझ्या मामेभावाच्या ई-सेवा केंद्रात दिवसभर बसवावं. वरचा त्रास वेगळा आहे आणि खालचा वेगळा, पण आपण सगळ्याला "नेटवर्क नाही" एवढंच म्हणून मोकळे होतो.

आधी वरचं सांगतो. नर्मदेकडच्या पाड्यांवर गेलात तर मोबाईलवर कधी गुजरातमध्ये स्वागत आहे असा मेसेज येतो, कधी मध्यप्रदेशचा, आणि घाटाचं एक वळण घेतलं की काहीच नाही. प्रत्येक पाड्याची एक रेंजची जागा ठरलेली असते, एखादं महूचं झाड किंवा टेकडी, लेकराला ताप आला तरी पहिले तिकडेच पळायचं. एका पाड्यावर मी रेशन वाटताना बघितलं, दुकानदार पॉस मशीन घेऊन टेकडीवर बसलेला, धान्य खाली, बायामाणसं एकेक करून वर जायची, अंगठा लावायची आणि पावती घेऊन खाली येऊन पिशवी भरायची. एक आजी होती, तिचा अंगठा काही केल्या लागेना, आयुष्यभर निंदणी-कापणी केलेल्या हाताच्या रेषाच राहिल्या नव्हत्या, ती दर वेळी पदराला अंगठा पुसायची आणि परत ठेवायची, तो म्हणायचा दुसरं बोट ठेव, मग तिसरं. शेवटी चौथ्या बोटाला लागलं. अख्ख्या घराचं महिन्याचं धान्य त्या बोटावर होतं हो.

यावर सरकारने काहीच केलं नाही असं नाही म्हणणार. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित (म्हणजे विकासात मागे म्हणून खास निवडलेल्या) जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांना ४जी द्यायचं मंजूर केलं, ६,४६६ कोटींची योजना, महाराष्ट्र त्यात होता आणि आपला नंदुरबार आकांक्षित जिल्हाच आहे. पैसा कुठला, तर टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के कापून जो फंड बनतो त्यातला, म्हणजे तुम्ही-आम्ही रिचार्ज मारतो त्यातलाच. काही ठिकाणी टॉवर उभे राहिलेले मी पाहिलेत, पण लाईट गेली की टॉवर पण जातो आणि वर लाईट किती जाते ते वरच्या माणसालाच विचारा.

पण खरी गर्दी खालीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मोबाईल कंपन्यांची जागतिक संघटना आहे, जीएसएमए, त्यांच्या २०२४ च्या अहवालात लिहिलंय की जगात फक्त ४ टक्के लोक असे आहेत ज्यांच्याकडे मोबाईल इंटरनेटची रेंजच नाही, आणि ३९ टक्के असे आहेत की डोक्यावर रेंज आहे पण ते वापरत नाहीत. आफ्रिका असो की खान्देश, टॉवर मोजून हे ३९ टक्के दिसणारच नाहीत. आपल्याकडे हे लोक कसे दिसतात ते केंद्रात बसल्यावर कळतं.

बाजाराच्या दिवशी एक बाई आली, प्लास्टिकच्या पिशवीत आधार, पासबुक, रेशनकार्ड सगळं नीट घडी करून आणलेलं. भावाने नंबर टाकला आणि म्हणाला ओटीपी सांगा. ती म्हणाली, "भाऊ, मना फोन तं मना आंडोरकडे शे, नि तो सुरतमा." मग सुरतला फोन, पोरगं मिलमध्ये शिफ्टवर, उचलेना. दुपारी उचलला तर तोपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली, दुसरा मागवला तर साईट गोल गोल फिरायला लागली. बाईची त्या दिवसाची मजुरी गेली, गाडीभाडं गेलं, आणि काम झालं नाही. अशा बायका रोज येतात. ऊसतोडीला गेलेल्या घरांमध्ये तर दिवाळीपासून होळीपर्यंत घरचा एकुलता फोन नवऱ्याबरोबर गुजरातमध्येच असतो.

आणि नंबर बंद पडण्याचं तर बोलूच नका. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले, एका कंपनीचा २८ दिवसांचा रोज दीड जीबीवाला प्लॅन २३९ वरून थेट २९९ झाला, म्हणजे निंदणीची एका दिवसाची मजुरी गेली समजा, आणि २८ दिवसांच्या हिशोबाने वर्षात १२ नाही तर १३ रिचार्ज. ज्याला परवडत नाही तो एखादा महिना सोडतो, मग दुसरा सोडतो. ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. आधारला मात्र तोच जुना नंबर! या माणसाच्या नावाचे ओटीपी आता कुठल्यातरी अनोळखी मोबाईलवर जातात आणि इकडे त्याचं खातं, अनुदान, सगळं अडकतं.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, मला त्याचा अभिमान होता आणि आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. आधार, बँक, मोबाईल या तिन्हीची गाठ मारताना प्रत्येक माणसाकडे स्वतःचा चालू नंबर आहे हे धरून चाललं गेलं, आणि बायकांच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच आहे, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७. असं असताना लाडक्या बहिणीची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाईन ओळख पडताळणी, सप्टेंबर २०२५ मध्ये आली ती दोन ओटीपींची, एक तिचा आणि एक नवऱ्याचा किंवा वडिलांचा. जिचा नवरा वारला, वडीलही नाहीत, ती कोणाचा ओटीपी देणार? नंतर सवलत दिली गेली, पण तोपर्यंत किती जणी रडून गेल्या आमच्या केंद्रातून.

साध्या फोनवर काम होत नाही असं कोणी सांगू नये. केनियात २००७ पासून एम-पेसाने लोक साध्या बटणाच्या मोबाईलवरून पैसे पाठवतायत. आपल्याकडे पण मार्च २०२२ मध्ये बटणाच्या फोनसाठी यूपीआय १२३पे आलं, पण आमच्या भागात विचाराल तर दहातल्या एकालाही माहीत नसेल. माझं म्हणणं एवढंच आहे की ओटीपी हा एकच दरवाजा ठेवू नका, ज्याच्याकडे नंबर नाही त्याला ग्रामपंचायतीत कागदावर, ग्रामसेवकाच्या सहीने तेच काम त्याच दिवशी करून मिळालं पाहिजे, आणि तो त्याचा हक्क म्हणून मिळाला पाहिजे, कोणी उपकार केल्यासारखा नाही.

तोपर्यंत आपल्याला करता येण्यासारखं थोडं सांगतो. घरातल्या आईच्या, आजीच्या आधारला कोणता नंबर आहे ते आजच बघा. तो बंद असेल तर पोस्टमनला सांगा, २०२१ पासून पोस्टाच्या पेमेंट बँकेकडून घरी येऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून मिळतो, थोडी फी लागते. ज्यांना नेट नकोच आहे त्यांच्यासाठी नुसते कॉल आणि एसएमएसचे पॅक कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत असं ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियम ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलंय, दुकानदार स्वतःहून सांगत नाही, तुम्ही मागा. आणि वरच्या पाड्यांवरचे कोणी हे वाचत असाल तर पुढच्या ग्रामसभेत रेंज नसलेल्या पाड्यांची नावं ठरावात लिहून घ्या आणि एक प्रत तहसीलला देऊन पोच घ्या, अर्ज टाईप करून द्यायचं काम मी आणि भाऊ फुकट करून देऊ.