वीस गिअर, मग दोन

पहाटे पावणेपाचला सायकलवर निघाले, शंभर किलोमीटर करून दहापर्यंत घरी, असा हिशेब. पहिले दोन तास मजेत गेले. अंधारात दिव्याचा गोल पुढे पळतोय, चेनची एकसुरी घरघर आणि रस्ता जवळजवळ माझ्या एकटीचा. उजाडल्यावर वारा पाठीवर आला. पाठीवरचा वारा जाणवत नाही, आपण फॉर्मात आहोत एवढंच वाटतं!

सत्तेचाळिसाव्या किलोमीटरला चढ सुरू झाला. हलका गिअर घ्यायला उजवी लिव्हर दाबली तर ती भाताच्या चमच्यासारखी नुसतीच हलली. मागे खडखडखड आवाज झाला, चेन थेट सगळ्यात लहान चक्रावर जाऊन बसली आणि पाय जागच्या जागी थांबले.

गिअरची केबल शिफ्टरच्या, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या लिव्हरच्या, आत तुटली होती. दोष माझाच. आठ-दहा दिवस मागचा गिअर पडायला उशीर लागत होता. डिरेलर म्हणजे चेनला मागच्या एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग; त्यावरचा केबल घट्ट करायचा ॲडजस्टर पाव फेरा फिरवला की काम भागायचं, दोन दिवसांनी पुन्हा पाव फेरा. केबल ताणली जातेय अशी माझी समजूत. प्रत्यक्षात शिफ्टरमध्ये ती जिथे घट्ट वळण घेते तिथे तिचा एकेक धागा तुटत होता. केबल गेली की डिरेलरची स्प्रिंग मोकळी होते आणि चेनला 11 दात्यांच्या चक्रावर ओढून नेते. पुढचं लहान चक्र 34 दात्यांचं, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेसहा मीटर जायला हवी. सपाटीवर ठीक. चढावर गुडघे शिव्या देतात.

पंक्चरचं सगळं सामान होतं. सुटी केबल तेवढी नव्हती.

आधी सोपा उपाय केला. डिरेलर लहान चक्राकडे कुठवर जाईल ते ठरवणारा हाय लिमिट स्क्रू आत पिळत गेले तशी चेन सरकत 14 दात्यांपर्यंत आली. पुढे स्क्रूच संपला. चढाला तेवढ्याने भागणार नव्हतं. मग केबलचं तुटकं टोक आवरणातून खाली ओढून घेतलं. एका हाताने डिरेलर आत ढकलून 20 दात्यांच्या चक्राखाली धरला, दुसऱ्या हाताने केबल ताणून बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूभोवती गुंडाळली. ॲलन की दातात. तिसरा हात नसल्याची खंत मला याआधी कधी वाटली नव्हती. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा स्क्रूखाली बसली.

एवढ्यात मागून एक काका आले, साध्या काळ्या सायकलवर, चढ असूनही बसूनच.

"काय झालं गं?"

"गिअरची वायर तुटली, काका."

"किती गिअर असतात हिला?"

"वीस."

"आणि आता?"

"दोन."

"मग एक जास्तच आहे की," म्हणाले आणि न थांबता वर गेलेसुद्धा.

पुढचा शिफ्टर शाबूत होता, पुढची दोन चक्रं बदलता येत होती, म्हणून ते दोन. 34 दात्यांच्या लहान चक्रावर पेडलच्या एका फेऱ्याला साडेतीन मीटर, 50 च्या मोठ्यावर सव्वापाच. चढ उभं राहून, सायकल डावी-उजवीकडे झुलवत काढला. वर पोचल्यावर शंभराचा हट्ट सोडून वळले. परतीला तोच वारा समोरून. एरवी मी दर मिनिटाला गिअर बदलत बसते. आज बदलायला काही नव्हतंच, तर मिनिटाला ऐंशी फेरे धरून ठेवले. पंचवीसचा वेग निघायला हवा होता, वाऱ्याने वीसवर आणला. उतारावर मात्र पाय नुसते भिरभिरायचे, म्हणून सोडूनच दिले.

94 किलोमीटर झाले, घरी पोचायला साडेअकरा वाजले. नवी केबल घालायला दहा मिनिटं लागतात. जुनीचं मुंडकं शिफ्टरमध्ये अडकलेलं, ते सुईने टोकरून काढायला पाऊण तास गेला. बाहेर आलं तेव्हा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, टोकाला विस्कटलेले धागे. त्यातला एक अंगठ्यात घुसलाच.