तुम्ही विचारलंत म्हणून: शिफ्टच्या घरात एकत्र जेवण

नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागातले पालक हमखास विचारतात, "घरात एकाची फर्स्ट शिफ्ट, एकाची सेकंड, त्यात मुलाची शाळा. एकत्र जेवायचं कधी? आणि नाही जेवलो तर बिघडतं काय?"

वेळेचा बाऊ करू नका. रात्रीचंच जेवण हवं असं काही नाही, सकाळचे पोहेही चालतात. दिवसातून एकदा, २०-२५ मिनिटं, निदान एक मोठं माणूस स्वतःचं ताट घेऊन मुलाबरोबर बसलेलं हवं. माझा जोर 'स्वतःचं ताट' यावर आहे. आपल्याकडे आधी पोरांचं उरकतात, मग पुरुषांची पंगत, आणि आई शेवटी ओट्याशी उभ्यानं चार घास खाते. समोर बसलेलं माणूस नुसतं भरवत असेल तर मूल बघणार कोणाचं? एका हातानं पोळी कशी मोडायची, भात बोटांनी कसा कालवायचा, घास गिळून मग बोलायचं, हे सांगून येत नाही.

मूल भुकेलं असेल तरच ते बसतं. साडेसातला जेवायचं तर पाचनंतर बिस्किट, फरसाण, दूध बंद. वर्षापुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. त्याहून जास्त दिलं की जेवणाची भूक मरते आणि शरीरात लोह कमी पडतं.

आता मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. कार्टून लावलं की तोंड आपोआप उघडतं, पण पोट भरलं की नाही याकडे मुलाचं लक्षच राहत नाही. मोबाइल तोडायचा तर आधी एकाच जेवणातून तोडा, जेव्हा भूक सगळ्यात जास्त असते तेव्हा. सुरुवातीचे काही दिवस मूल कमी खाईल. अशा वेळी आजी मागून हळूच बिस्किट देते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. आजीला आधीच विश्वासात घ्या. मोठ्यांचे फोनही बाजूला हवेत. रविवारी मिसळ खायला गेल्यावर आजूबाजूची टेबलं बघा, मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती आग्रहापाशी. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी कामाची सरळ वाटणी करून दिली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आपल्याला हे जड जातं, कारण 'ताटात टाकायचं नाही' हा संस्कार पक्का. त्यावर उपाय म्हणजे कमी वाढा. पाव पोळी, दोन चमचे भात, एक चमचा भाजी. संपलं की मागू दे. 'अजून हवं' आणि 'पुरे' हे दोन्ही त्याच्या तोंडून यायला हवं. कारलं किंवा मेथी चमचाभर वाढायची आणि त्यावर एक शब्द बोलायचा नाही. नवी चव रुळायला ८-१० वेळा ताटात यावी लागते, कधी त्याहून जास्त.

हार्वर्डच्या कॅथरिन स्नो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या घरांतली जेवतानाची बोलणी रेकॉर्ड करून अभ्यासली. जिथे जेवताना नेहमीपेक्षा वेगळे शब्द कानावर पडत, तिथल्या मुलांचा शब्दसाठा मोठा दिसला. म्हणून "आज शाळेत काय केलं?" विचारून "काही नाही" ऐकण्यापेक्षा आधी आपलं सांगा: मशीन कुठे अडली, सुपरवायझर काय म्हणाला, मग कोणी काय केलं. तीन-चार वर्षांचं मूल मध्येच "मग?" विचारतं, तिथेच त्याचं गोष्ट सांगणं सुरू होतं. गुणपत्रिका आणि गृहपाठ मात्र ताटाशी आणू नका. घास अडकतो.

कामंही वाटून द्या. तीन वर्षांचं मूल चमचे मांडतं, पाचचं मीठ-लिंबू वाढतं, सातचं ताकाचा जग सांभाळून फिरवतं. सांडेल, म्हणून जग अर्धाच भरायचा आणि फडकं जवळ ठेवायचं. सगळ्यांना वाढून झाल्यावर पहिला घास, एवढा एक नियम पाळला तरी थांबायला शिकतं.

द्राक्षांच्या दिवसांत एक सांभाळा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष किंवा अख्खे शेंगदाणे देऊ नका, हसता-बोलता श्वासनलिकेत अडकतात. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा, दाण्यांचं कूट करा.