एलएलपी काढताय? नोंदणीच्या आधी करारनामा लिहायला बसा

दोघांनी मिळून छोटा धंदा काढायचा आहे, बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा नाही, पण उद्या धंदा बसला तर राहतं घर त्यात ओढलं जाऊ नये एवढी काळजी आहे. अशा वेळी प्रायव्हेट लिमिटेडपेक्षा एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, बहुतेकदा बरी पडते. साध्या भागीदारी फर्ममध्ये एकाने केलेल्या उधारीची वसुली दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकते. २००८ च्या एलएलपी कायद्यानं एलएलपीला भागीदारांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती मानलं, त्यामुळे तिचं कर्ज तिच्या नावावर राहतं. प्रायव्हेट लिमिटेडला पहिल्या वर्षापासून ऑडिट सक्तीचं असतं. एलएलपीची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल, तर एलएलपी कायद्याखाली ऑडिट लागत नाही. शेअर विकून पैसा उभा करायचा असेल तर मात्र कंपनीच काढा, कारण एलएलपीत शेअर नसतात.

पुढचं सगळं नीट कळावं म्हणून एक कल्पित उदाहरण धरू. नाशिकला अंबडमध्ये दोघे मित्र सीएनसी जॉबवर्क, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कारखान्यांची कामं करून देणं, सुरू करताहेत. एकजण मशीनसाठी ६ लाख घालतोय. दुसऱ्याकडे फक्त १ लाख आहे, पण मशीन चालवणारा, प्रोग्रॅमिंग करणारा आणि गिऱ्हाईक सांभाळणारा तोच आहे.

नोंदणीचं काम सोपं आहे, ते आधी उरकून घेऊ. किमान दोन भागीदार लागतात आणि निदान दोघे डेझिग्नेटेड पार्टनर, म्हणजे सरकारदरबारी जबाबदार भागीदार, असावे लागतात. त्यातला एक तरी आर्थिक वर्षात १२० दिवस भारतात राहणारा हवा. भाऊ दुबईला किंवा अमेरिकेत असेल तर तोही भागीदार होऊ शकतो, पण त्याची कागदपत्रं तिथून नोटराइज करून आणि देशाप्रमाणे अपोस्टिल (कागद खरा असल्याची आंतरराष्ट्रीय मोहोर) किंवा भारतीय दूतावासाचं साक्षांकन घेऊन आणावी लागतात, म्हणून त्याचं काम सगळ्यात आधी हातात घ्या.

सगळ्यांची क्लास ३ डिजिटल सही यूएसबी टोकनवर घ्या. नावात गोची होते ती इथेच. आपल्याकडे पॅनवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर, असा प्रकार घरोघरी असतो. लग्नानंतर आधार सासरच्या नावाचं आणि पॅन माहेरचं, हेही नेहमीचं. फॉर्म पॅनवरचं नाव ताडून बघतो, तेव्हा डिजिटल सही पॅनवर आहे तशीच, अक्षर न अक्षर, घ्या. आधार आणि पॅन जुळत नसतील तर आधी ते दुरुस्त करा. सहीचे पैसे भरून झाल्यावर दुरुस्ती करत बसलात, तर सही पुन्हा काढावी लागते.

पत्त्याचंही तसंच. नोंदणीकृत कार्यालय घरचं चालतं. दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं लाइट बिल आणि जागा भाड्याची किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाची असेल तर मालकाचा ना हरकत दाखला लागतो. बिलावर ‘स. नं.’ आणि दाखल्यावर ‘प्लॉट नं.’ असं झालं की फॉर्म परत येतो. बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर सध्याच्या मालकाचं नाव दाखवणारा कागद, घरपट्टीची पावती किंवा खरेदीखत, सोबत जोडा. महावितरणकडे नाव बदलून घेतलंत तर कायमचाच प्रश्न मिटतो.

नाव राखून ठेवायला कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर रन-एलएलपी हा फॉर्म आहे. शुल्क २०० रुपये आणि एका अर्जात दोन नावं देता येतात. मंजूर झालेलं नाव तीन महिने टिकतं, तेवढ्यात नोंदणी उरकायची. ‘साई’, ‘श्री गणेश’, ‘स्वराज’ असल्या शब्दांनी सुरू होणारी नावं इतकी झाली आहेत की पुढे वेगळा, ठसठशीत शब्द नसेल तर ती नाकारली जातात. स्पेलिंग बदलून उपयोग नाही, कारण उच्चार सारखा असला तरी नाव सारखंच धरतात. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या वर्गात ते नाव आहे का, हेही त्याच दिवशी बघा. पाटी रंगवल्यावर ट्रेडमार्कवाल्याची नोटीस आली तर खर्च दुप्पट होतो.

मग मुख्य फॉर्म, फिलिप. त्यातच भागीदार क्रमांक मिळतो आणि एलएलपीचा पॅन व टॅन (टीडीएस भरण्यासाठीचा क्रमांक) हेही त्याच अर्जात होतात. शुल्क भांडवलावर ठरतं: १ लाखापर्यंत ५०० रुपये, १ ते ५ लाख २,००० आणि ५ ते १० लाख ४,०००. आपल्या उदाहरणात भांडवल ७ लाख, म्हणजे ४,०००. मंजूर झालं की नोंदणी प्रमाणपत्र येतं, त्यावर एलएलपीचा क्रमांक असतो. बहुतेकजण इथे पेढे वाटतात आणि करारनाम्यासाठी इंटरनेटवरून एखादा नमुना उतरवून नावं बदलून टाकतात. माझा आग्रह असा की करारनाम्याचा कच्चा मसुदा नाव राखायच्याही आधी, दोघांनी समोरासमोर बसून लिहावा.

कारण कायदा असं सांगतो: करारनामा केलाच नाही किंवा एखाद्या मुद्द्यावर तो गप्प असेल, तर कायद्याची पहिली अनुसूची लागू होते. त्या अनुसूचीप्रमाणे भांडवल, नफा आणि तोटा सगळ्यांचा सारखा. भागीदाराला कामाचा मोबदला नाही. नवा भागीदार घ्यायला सगळ्यांची संमती हवी. करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बहुमताने कुणाला काढता येत नाही. आता आपले दोघे मित्र बघा. ६ लाख घालणारा आणि १ लाख घालणारा निम्म्या-निम्म्या भांडवलाचे धनी झाले, आणि रात्रपाळीत मशीनपाशी उभा राहणारा पगाराविना राहिला. दोघांवरही अन्याय. कुणाची लबाडी नसताना निव्वळ कागद कोरा राहिल्यामुळे दोस्ती तुटते, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

म्हणून करारनाम्यात आकड्यांत लिहा: कुणी किती भांडवल कधीपर्यंत आणायचं, नफा कुठल्या प्रमाणात, तोटा कुठल्या प्रमाणात. ही दोन्ही प्रमाणं वेगळी असू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बँकेत एकाच्या सहीवर किती रकमेपर्यंत आणि दोघांच्या सहीने कितीच्या वर. कर्ज, जागा आणि मशीन विकणं यांवर दोघांची लेखी संमती. एकजण बाहेर पडला किंवा वारला तर त्याचा हिस्सा कोणत्या पद्धतीने मोजायचा आणि किती हप्त्यांत द्यायचा. शेवटचा हा मुद्दा नमुन्यांत एका ओळीत उरकलेला असतो आणि भांडणं त्याच ओळीवरून होतात. ‘वाजवी किंमत’ असं लिहून भागत नाही. मागच्या ३१ मार्चच्या ताळेबंदाप्रमाणे, मशीनची किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून, रक्कम बारा समान मासिक हप्त्यांत, इतकं बारीक लिहा.

मोबदल्याचं कलम करासाठीही जीव की प्राण आहे. एलएलपीला सपाट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. काम करणाऱ्या भागीदारांचा मोबदला त्यातून वजा होतो, पण करारनाम्यात लिहिला असेल तरच. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासूनची मर्यादा अशी: नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के यांतलं जे जास्त ते, आणि उरलेल्यावर ६० टक्के. मोबदला देण्याआधी १० लाख नफा झाला असं धरा. ६ लाखांचे ९० टक्के ५ लाख ४० हजार, उरलेल्या ४ लाखांचे ६० टक्के २ लाख ४० हजार, एकूण ७ लाख ८० हजार मोबदला वजा. कर २ लाख २० हजारांवर, म्हणजे ६८,६४०. कलम नसेल तर पूर्ण १० लाखांवर, म्हणजे ३ लाख १२ हजार. एका परिच्छेदाच्या अभावी एका वर्षात २ लाख ४३ हजारांचा फरक.

मोबदला अर्थात भागीदारांच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो, पण दोघेही काम करणारे भागीदार असतील, त्यांच्यात तो सारखा वाटला आणि त्यांचं दुसरं उत्पन्न नसेल, तर २०२५-२६ साठी प्रत्येकी ३ लाख ९० हजार नव्या करप्रणालीच्या ४ लाखांच्या पहिल्या टप्प्यातच बसतात. शब्द मात्र जपून वापरा. ‘मोबदला परस्पर संमतीने ठरवू’ हे वाक्य आयकराला चालत नाही. रक्कम किंवा ती काढायची रीत लिहिलेली असावी, असं १९९६ च्या परिपत्रकापासून चालत आलं आहे. करारनाम्याच्या तारखेच्या आधीच्या काळाचा मोबदलाही वजा मिळत नाही. भांडवलावर आणि भागीदाराच्या कर्जावर व्याज १२ टक्क्यांपर्यंत वजा होतं, तेही करारात लिहिलं असेल तरच. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला मोबदला आणि व्याज वर्षात २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. पहिल्या वर्षी नेमकं हेच राहून जातं.

मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात भांडवलाच्या १ टक्का, वर सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा. आपल्या ७ लाखांवर ७,००० रुपये. हे शुल्क करारावर सह्या व्हायच्या आधी किंवा त्याच दिवशी भरलेलं हवं. मुद्रांकाची तारीख करारानंतरची असेल तर फॉर्म ३, म्हणजे करारनामा पोर्टलवर दाखल करायचा फॉर्म, परत येऊ शकतो. फिलिपमध्ये भरलेलं भांडवल आणि करारातलं भांडवल तंतोतंत जुळलं पाहिजे. फॉर्म ३ नोंदणीपासून ३० दिवसांत भरायचा असतो. पुढे करारात काहीही बदललं, अगदी नफ्याचं प्रमाण जरी, तरी पुन्हा ३० दिवसांत फॉर्म ३.

प्रमाणपत्र, पॅन आणि करारनामा हातात आल्यावर बँकेत करंट खातं, मग गुमास्ता. जीएसटी महाराष्ट्रात मालाला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीच्या वर लागतो. जॉबवर्क ही सेवा आहे, तेव्हा वीसचा आकडा लक्षात ठेवा. कारखान्यांना बिलावर जीएसटी क्रमांक लागतोच, म्हणून अंबडमधला जॉबवर्कवाला बहुधा आधीच नोंदणी घेतो. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे पैसे कुणालाही देऊ नका. बिलावर आणि लेटरहेडवर एलएलपीचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाने नोंदलेली असल्याचा उल्लेख हवा. नुसतं दुकानाचं जुनं नाव छापून बिलं फाडलीत, तर समोरचा ‘मी तर तुमच्याशीच व्यवहार केला’ म्हणायला मोकळा.

मर्यादित दायित्वालाही मर्यादा आहेत, त्या उघड सांगायला हव्यात. ज्या भागीदाराने स्वतः चूक केली, तो त्या चुकीला स्वतः जबाबदार. फसवणुकीच्या हेतूने धंदा केला तर संरक्षण राहत नाही. बँक छोट्या एलएलपीला कर्ज देताना भागीदारांची वैयक्तिक हमी मागतेच. त्या कागदावर सही केली की त्या कर्जापुरती भिंत तुम्हीच पाडली. आणि करांचं वेगळं आहे. एलएलपीकडून आयकर वसूल झाला नाही तर आपल्या गंभीर हयगयीमुळे तसं झालं नाही, हे भागीदाराला सिद्ध करावं लागतं, नाहीतर वसुली त्याच्याकडून. जीएसटी कायदा तर एलएलपीला या बाबतीत साध्या फर्मसारखंच धरतो. गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊन तो पगाराला वापरणं हा मोठा धोका आहे.

दरवर्षीच्या दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडा: ३० मे, फॉर्म ११ (वार्षिक विवरण), आणि ३० ऑक्टोबर, फॉर्म ८ (हिशेबाचं विवरण). वर्षभर एक रुपयाचा धंदा झाला नसला तरी दोन्ही भरायचेच. १ एप्रिल २०२२ च्या आधी उशिराला दररोज १०० रुपये लागत. आता उशीर जितका लांबेल तितकी मूळ शुल्काची पट वाढत जाते, आणि लहान एलएलपीला ३६० दिवसांनंतर पंधरा पट अधिक दररोज १० रुपये. सप्टेंबरनंतर नोंदणी झाली असेल तर एलएलपी कायद्याखाली पहिलं वर्ष लगेच येणाऱ्या ३१ मार्चऐवजी त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत धरता येतं, त्यामुळे एक फेरी वाचते. आयकर विवरणपत्र मात्र त्याच वर्षी भरावं लागतं.

धंदा थांबवलात तर एलएलपी आपोआप मरत नाही. वर्षभर धंदा बंद असेल तर फॉर्म २४ भरून नोंदीतून नाव काढता येतं, पण त्याआधी धंदा थांबला त्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंतचे सगळे फॉर्म ८ आणि ११ भरलेले हवेत, बँक खातं बंद झालेलं हवं आणि कुणाचं देणं शिल्लक नको. खातं बंद केल्याचा बँकेचा दाखला त्याच वेळी मागून ठेवा.