ओझर विमानतळ ते सीबीएस, टॅक्सी न करता

नाशिकच्या विमानतळावरून टॅक्सी न करता शहरात येता येतं का, असं हल्ली ओळखीतले बरेच जण मला विचारतात. येतं. टर्मिनलपासून महामार्गापर्यंतचा तुकडा तेवढा आपला आपल्याला निस्तरावा लागतो. एकदा महामार्गाला लागलात की एसटी आहे, सिटीलिंक म्हणजे महापालिकेची बस आहे, रिक्षा आहेत. निम्मा निफाड आणि दिंडोरी तालुका रोज असाच नाशकात येतो-जातो.

मी हैदराबादला राहते. माहेर नाशिकचं, पण आई-वडिलांच्या मागे तिथे घर उरलं नाही. या वेळी जमिनीच्या जुन्या कागदांसाठी जिल्हाधिकारी कचेरी आणि कोर्ट अशा खेपा होणार हे वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून दोन्हींना चालत जाता येईल असं सीबीएसजवळचं, म्हणजे शहरातल्या जुन्या मध्यवर्ती बस स्थानकाजवळचं हॉटेल घेतलं. सिडकोतल्या मावशीला हे अजिबात रुचलं नाही. "नाशकात येऊन हॉटेलात उतरणार? मग मावशी कशाला आहे?" तिच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं, त्यात नातवाची बारावी. पण हे तिला सांगायची सोय नाही. मग तिने दुसरा मुद्दा काढला, निदान भाऊ गाडी घेऊन येईल. सिडको शहराच्या एका टोकाला, ओझर दुसऱ्या. त्याचा अर्धा दिवस माझ्यापायी घालवायचा हे मला बरं वाटेना. "मी येते एसटीने," म्हटलं. फोनवर थोडा वेळ शांतता, मग, "एसटी? विमानातून उतरून?"

बाहेरगावच्या माणसाने आधी इथला भूगोल समजून घ्यावा. विमानतळाला ओझरचा म्हणतात आणि ओझर निफाड तालुक्यात आहे. धावपट्टी एचएएलची, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिलेला तो कारखाना, तिथे पुढे सुखोई झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेच तयार झालेल्या तेजस मार्क वन-ए ने पहिलं उड्डाण केलं. प्रवाशांचं टर्मिनल त्यामानाने अलीकडचं, २०१४ चं, आणि ते ओझर गावाच्या बाजूला नाही, दिंडोरी तालुक्यातल्या जानोरीच्या शिवारात आहे. म्हणजे नाव एका तालुक्याचं आणि दार दुसऱ्या तालुक्यात. मुंबई-आग्रा महामार्गावरून टर्मिनलकडे वळायचं ते दहाव्या मैलावरून. हे ठिकाण नाशिकहून जाताना ओझरच्या आधी लागतं. सगळ्या प्रवासात लक्षात ठेवण्याजोगं नाव हेच: दहावा मैल. आणि जुन्या नाशिककराला पत्ता विचारताना नुसतं 'विमानतळ' म्हणू नका. त्याच्या डोक्यात नाशकातलंच गांधीनगर असू शकतं. तिथे लष्कराची हेलिकॉप्टरं उडतात.

विमान छोटं, पंखेवालं होतं. लहान विमानतळाचा फायदा असा की उतरल्यावर फार चालावं लागत नाही आणि सामानही चटकन हातात पडतं. मी चाकांची एकच बॅग आणि खांद्याला पिशवी एवढंच ठेवलं होतं. एसटीने यायचं तर याहून जास्त नको.

दारातून बाहेर आलं की टॅक्सीवाले पुढे होतात. आरडाओरडा नाही, ओढाओढ नाही, पण 'कुठं जायचं ताई' सगळीकडून येतं. एकाने सीबीएसचे आठशे सांगितले. मी बससाठी चौकशी केली. दारावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाला, "बस हायवेला भेटंल. इथून तिथपर्यंत बघा काय जमतं ते." माझ्या विमानाच्या वेळेला दाराशी बस नव्हती, आणि दहावा मैल बॅग ओढत गाठावा इतका जवळही नाही. रस्ता जानोरीकडून जातो, दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, मध्येच शेड आणि गोदामं, आणि ट्रॅक्टर व पिकअपची वर्दळ. पायी चालणाऱ्यासाठी तो केलेलाच नाही.

इथे करण्याजोगी गोष्ट एकच, आणि ती उतरल्याबरोबर करायला हवी. टॅक्सी ठरवण्याआधी पाच मिनिटं उभं राहून सहप्रवाशांकडे बघायचं. ज्यांना न्यायला घरचे आलेत ते लगेच ओळखू येतात. ज्यांची गाडी आधीच ठरलेली आहे ते फोनवर बोलत चालत असतात. उरलेल्यांत एक-दोघं तरी असे असतात जे तुमच्यासारखेच भाव ऐकून गप्प झालेले असतात. मला चांदवडचा एक मुलगा सापडला, पाठीला सॅक, हैदराबादेत नोकरीला. त्याला महामार्गावरून उलट्या दिशेची गाडी धरायची होती. म्हणजे दोघांनाही दहावा मैल. फाटकाबाहेर जानोरीकडची एक रिक्षा उभी होती, कोणाला तरी सोडून परत निघालेली.

"दहावा मैल किती?"

"दोनशे द्या."

"दादा, रिकामे चाललात ना?" चांदवडकर म्हणाला. त्याच्या बोलण्यात शेतकऱ्याच्या घरातला माणूस होता, भाव करायची लाज नव्हती.

शंभरावर ठरलं, दोघांत पन्नास-पन्नास. रिक्षावाल्यांचं मला फार काही वाईट वाटत नाही. रिकाम्या फेरीचं पेट्रोलही गिऱ्हाइकाकडूनच वसूल व्हायचं असतं. म्हणूनच टर्मिनलवर वाट बघत बसलेल्या रिक्षापेक्षा परत चाललेली रिक्षा धरावी, ती नेहमी स्वस्तात येते.

दहाव्या मैलावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे आपली बाजू ओळखणं. मोठा महामार्ग, त्यात पूल आणि सर्व्हिस रोड, नवख्या माणसाला दिशा कळत नाही. ज्या बाजूला आडगाव, नाशिक लिहिलेल्या गाड्या जातायत तिकडे थांबायचं, आणि वरच्या रस्त्याला न थांबता खाली जिथे लोक उभे असतील तिथेच. चार बायका पिशव्या घेऊन उभ्या दिसल्या की समजावं, गाडी इथे थांबते. त्यांनाच विचारलं. एक आजी म्हणाल्या, "लाल गाडीला हात कर. पांढरीला करू नको, ती बघत पण नाही." या एका वाक्यात एसटीचं निम्मं वेळापत्रक आलं. पिंपळगाव, चांदवड, मालेगावकडून येणाऱ्या साध्या गाड्या हात केल्यावर थांबतात, त्याही जागा आणि ड्रायव्हरची मर्जी बघून. शिवशाही, विनाथांबा आणि लांब पल्ल्याच्या जलद गाड्या वाऱ्यासारख्या निघून जातात. दोन गाड्या तशा गेल्या. दुपारचं ऊन होतं, सावली म्हणाल तर पुलाची. आजींनी तोवर माझं माहेर, सासर, नोकरी आणि 'एवढी शिकून एकटीच फिरती का' हे सगळं विचारून घेतलं.

मग एक लाल गाडी थांबली. चढायच्या आधी कंडक्टरला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, "सीबीएसला जाते का?" नाशकात एसटीची स्थानकं एक नाहीत. जुनं सीबीएस आहे, जवळच ठक्कर बाजार आणि नव्याने बांधलेलं मेळा स्थानक आहे, आणि मुंबई नाक्याकडे महामार्ग स्थानक आहे. शहराबाहेरचे लोक सगळ्याला 'नाशिक स्टँड' म्हणतात आणि मग भलतीकडे उतरतात. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: "पुलावरून जाणार की खालून?" के. के. वाघ कॉलेजपासून लांबलचक उड्डाणपूल सुरू होतो. गाडी वर चढली की आडगाव नाका, द्वारका हे सगळं पायाखालून निघून जातं, आणि तुम्हाला खिडकीतून बघत बसावं लागतं.

"खालून. द्वारका करून," कंडक्टर म्हणाले, "चला, बॅग आत घ्या, दारात नको."

तिकीट अर्धं लागलं. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना निम्मं भाडं आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर प्रवास फुकट. आजींनी आधार कार्ड काढून दाखवलं ते असं, की कंडक्टरच ओशाळले. "राहू द्या आजी, रोजच्याच तुम्ही." माझं तिकीट वीस रुपयांच्या आत आलं, तेही फोनवरून. मशीनवरचा कोड दाखवून पैसे घेतात आता, सुट्ट्यांची जुनी कटकट गेली. आठशे आणि वीस यांतलं अंतर किती, हे मावशीला सांगायचं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढचं सोपं होतं. आडगावला मेडिकल कॉलेजची मुलं चढली, मग जत्रा, अमृतधाम, के. के. वाघ. बस खरोखर खालून गेली. ज्यांचं हॉटेल पंचवटीत किंवा रामकुंडाकडे आहे त्यांनी आडगाव नाक्याला उतरावं, तिथून निमाणी बस स्थानक जवळ आहे आणि निमाणीहून सिटीलिंकच्या बस कुठेही मिळतात. कन्नमवार पुलावरून गोदावरी ओलांडली की द्वारका आलीच.

माझी गाडी सीबीएसला जाणारी होती, तरी मी द्वारकेला उतरले. कारण समोर गर्दी तुंबलेली दिसत होती. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जागोजागी कामं काढलीत, आणि द्वारका चौक तसाही कोणत्याच काळात मोकळा नसतो. उतरून चौक ओलांडला आणि शालिमारकडची शेअर रिक्षा धरली. नाशिकरोड स्टेशनला जाणाऱ्यांनीही द्वारकेलाच उतरावं, बस आणि रिक्षा दोन्ही सतत असतात. सारडा सर्कल, गंजमाळ, शालिमार. शेअर रिक्षात मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी एक, अशी बसवाबसवी होते. बॅग मांडीवर घ्यायची तयारी हवी. स्वतंत्र रिक्षा केलीत तर मीटरचा विषय काढून बघा, पण भाडं बसायच्या आधी ठरवा, नाशकातला रिवाज तोच आहे.

सिटीलिंकबद्दल थोडं सांगते, कारण माझ्यासारख्या जुन्या नाशिककरांचा गोंधळ होतो. आमच्या वेळी शहर बसही एसटीचीच होती. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक आली, ती शहराबाहेर त्र्यंबकेश्वरपर्यंतही जाते. तिचं ॲप आहे. एसटीची सवलत एसटीतच. सिटीलिंकमध्ये बसून अर्धं तिकीट मागितलंत तर कंडक्टर शांतपणे पूर्ण फाडतो. मी दोन दिवसांनी मावशीकडे सिडकोत गेले ती सिटीलिंकनेच, आणि जागा मिळाली.

शालिमारहून हॉटेल चालत गाठलं. विमानतळाच्या दारापासून सगळं धरून दीड तासाच्या आसपास लागलं. टॅक्सीने याच्या निम्म्या वेळात झालं असतं. वेळेची किंमत जास्त असेल, सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, विमान अंधार पडल्यावर उतरत असेल, तर सरळ टॅक्सी करा. जानोरीच्या रस्त्यावर आणि दहाव्या मैलावर रात्री बॅग घेऊन उभं राहायला मी स्वतः जाणार नाही. पावसाळ्यातही विचार करेन. पण दिवसाउजेडी, एका बॅगेवर, एकट्या माणसाला हे सहज जमण्यासारखं आहे, आणि विमानतळाच्या दारातून महामार्गापर्यंत विमानांच्या वेळेला जुळणारी एक छोटी बस सुरू झाली तर एवढं सांगायचीही गरज राहणार नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने एवढे पूल बांधतायत, त्यात हे कोणाला तरी सुचावं.

परतीचं गणित वेगळं. येताना उशीर झाला तर मावशीचा फोन येतो, जाताना झाला तर विमान जातं. त्यातून एसटीत 'ओझर' म्हणून तिकीट काढलं तर दहावा मैल मागे पडतो आणि तुम्ही गावात उतरता, टर्मिनल राहतं भलत्या अंगाला. म्हणून कंडक्टरला दहावा मैलच सांगायचं, आणि तिथून पुढे रिक्षा मिळेलच असं धरून चालायचं नाही. परतीला मी भावाला गाडी घेऊन बोलावलं. मावशी पुढच्या सीटवर बसून आली, डबा घेऊन.